यंत्र थांबते तेव्हा

१८३४ नंतर करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला आलेल्या कुटुंबांतील स्त्रिया नदीकाठच्या दगडांवर कपडे धूत आणि हातांनी पिळीत. ते पिळण्याचे कष्ट आता कपडे धुण्याचे यंत्र उचलते. त्याचा टब गरगर फिरेनासा झाला, की ओल्या चादरींचा भार पुन्हा घरातील वृद्धेच्या मनगटांवर पडतो.

पुष्कळदा हे यंत्र केवळ सावधपणाने थांबलेले असते. वरचे झाकण नीट न लागल्यास त्याखालील कळ टब फिरू देत नाही. ही कळ दडपून यंत्र कधीही चालवू नये. फिरत्या कपड्यांत हात गुंतून मोडू शकतो. जड कपडे एका बाजूस गोळा झाले, तर तोल जाऊन फिरणे थांबते. ते सारखे पसरावेत. पाणी आत साचले असल्यास, प्रथम प्लग काढून, सांडपाण्याच्या नळीतील पीळ व कचरा पाहावा. एवढे करूनही टब हलला नाही, तर पट्टा झिजला असण्याचा संभव असतो. ते काम जाणत्या कारागिराचे. हा क्रम घरातील मुलामुलींनीही शिकून ठेवावा.