सीचा टी

मेणाच्या ठोकळ्यातून कापलेले पातळ काप काचेवर चिकटलेले असतात, पांढुरके, जवळजवळ न दिसणारे. शेजारी त्याच ठोकळ्याची गुलाबी-जांभळी रंगवलेली स्लाइड. तिच्यावर पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी निळ्या मार्करने एक वेडावाकडा गोल काढलेला असतो: गाठ एवढीच, बाकीचं निरोगी फुप्फुस. रंगवलेली स्लाइड खाली, बिनरंगाची वर, दोन्ही उजेडावर धरायच्या आणि गोलाच्या आतलं तेवढंच ब्लेडने खरवडून ट्यूबमध्ये टाकायचं. खरवडलेलं मेण खोबऱ्याच्या किसासारखं दिसतं, पण इतकं हलकं की श्वासानेही उडतं. म्हणून या कामाला बसले की पंखा बंद, एसीचा झोत दुसरीकडे आणि बोलणंही बेताचं.

सिक्वेन्सिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मशीन येतं. मला मशीनची काळजी सगळ्यात कमी. ते रात्रभर बिनतक्रार फोटो काढत बसतं आणि सकाळी अक्षरं देतं: ए, सी, जी, टी. त्याला तपासायला प्रत्येक रनमध्ये आम्ही फायएक्स नावाच्या विषाणूचा थोडा डीएनए घालतो. त्याची पाच हजारांहून जास्त अक्षरं फ्रेडरिक सँगरच्या गटाने १९७७ सालीच वाचून ठेवली आहेत. मशीनने ती नीट वाचली की बाकीच्यावर भरवसा ठेवायचा. आमच्याकडे त्याला नैवेद्य म्हणतात. खरी धाकधूक असते ती मशीनच्या आधी आणि नंतर. आधी, म्हणजे चुंबकी मण्यांवर डीएनए धुताना. हे मणी तपकिरी असतात, आणि सारवलेली जमीन वाळताना जशी तिची चकाकी जाते तशी यांचीही जाते. ती गेली त्याच क्षणी द्रावण घालायचं. भेगा पडेपर्यंत थांबलात तर डीएनए सुटता सुटत नाही. हे कुठल्याही पुस्तकातून हाताला येत नाही. नंतर, म्हणजे पडद्यावर त्या अक्षरांकडे बघत बसताना.

गेल्या वर्षी फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक ठोकळा आला. रुग्णाला जेफिटिनिबची गोळी चालू होती, बरेच महिने लागू पडली, मग गाठ पुन्हा वाढली. डॉक्टरांचा प्रश्न नेमका होता: ईजीएफआर जनुकात टी-सातशेनव्वद-एम आहे का? ७९० व्या जागी एसीजी हे तीन अक्षरांचं शब्दरूप असतं. मधल्या सीचा टी झाला की थ्रिओनीनच्या जागी मेथिओनीन येतं आणि जुनी गोळी निकामी ठरते. मग ऑसिमेर्टिनिब द्यायचं. पडद्यावर त्या जागेवरून १,१४० रीड्स, म्हणजे मशीनने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांच्या ओळी, जात होत्या. त्यातल्या २९ मध्ये लाल टी. अडीच टक्के.

माझा ज्युनियर खूश झाला. मी फॉर्म काढला.

‘ध’चा ‘मा’ आपण शाळेपासून ऐकतो. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला त्यामागची ती ‘धरावे’चं ‘मारावे’ झालेली चिठ्ठी. गोष्ट खरी की रचलेली, इतिहासकार बघून घेतील. मला त्यात कुतूहल चिठ्ठीच्या प्रवासाचं आहे. ती कोणाकोणाच्या हातून गेली? अक्षर लिहितानाच बदललेलं होतं की वाटेत बदललं? माझं अर्धं आयुष्य याच प्रश्नात गेलं आहे.

कारण सी हे अक्षरच कच्च्या कानाचं. कोणी जरा काही सांगितलं की टी होऊन बसतं. उन्हाने होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरमध्ये सीचे टी. कोरोनाच्या विषाणूत सगळ्यात जास्त दिसणारा बदल हाच, आणि तो आपल्याच पेशींतली एन्झाइम्स घडवत असावीत असा संशय आहे. आणि रुग्णाचा त्यात काही संबंध नसताना सीचे टी करणारं आमच्या घरातलं द्रव्य म्हणजे फॉर्मॅलिन. गाठ टिकावी म्हणून ती त्यात बुडवतात, आणि तिथेच सी आपला एक गट गमावून युरॅसिल होतो. मशीन युरॅसिलला टी वाचतं. डीएनए मुळात कमी असेल, तर असा एकच बिघडलेला रेणू प्रती काढता काढता २९ होऊ शकतो.

फॉर्मवर ठोकळ्याची तारीख होती तीन वर्षांपूर्वीची. म्हणजे गोळी सुरू होण्याआधीची गाठ! त्या वेळी हा बदल क्वचितच सापडतो. आजूबाजूला पाहिलं तर एक-दोन टक्क्यांचे लाल टी जागोजागी सांडलेले.

उरलेले काप पुन्हा खरवडले. या खेपेला डीएनएला युरॅसिल कापणारं एन्झाइम लावलं. त्यातही एक पळवाट असते. सीच्या डोक्यावर मिथाइलची टोपी असेल तर तो युरॅसिल न होता थेट टीच होतो आणि एन्झाइमच्या हाती लागत नाही. ७९० चा सी नेमका जीच्या शेजारी बसतो, म्हणजे टोपी असण्याच्या जागी. म्हणून भरवसा एन्झाइमपेक्षा दुसऱ्यांदा खरवडण्यावर जास्त: फॉर्मॅलिन लहरी आहे, ते दोन्ही वेळा त्याच जागी चावत नाही.

हा संशयीपणा माझ्यात टीबीने भरला. कॅन्सरकडे येण्याआधी मी सात वर्षं टीबीचे जीनोम वाचले. तिथेही सीचा टी होता. रायफॅम्पिसिनला न जुमानणाऱ्या जंतूंमध्ये आरपीओबी जनुकाच्या ४५० व्या जागी टीसीजीचं टीटीजी झालेलं पुन्हा पुन्हा दिसतं. सीबीनॅट मशीन थुंकीतून दोन तासांच्या आत जी ८१ अक्षरांची खिडकी तपासतं, तिच्यातलाच हा बदल. पण तिथे अडीच टक्क्यांची भानगड नसते. वाढवलेल्या कल्चरमध्ये जवळजवळ सगळ्याच रीड्स टी म्हणतात, पडद्यावर वरपासून खालपर्यंत लाल भिंत. टीबीचा जंतू फार सावकाश बदलतो. त्याच्या ४४ लाख अक्षरांत वर्षाला सरासरी अर्धं अक्षर बदलतं. म्हणूनच दोन रुग्णांच्या जंतूंत पाचपेक्षा जास्त फरक नसेल तर संसर्ग अलीकडचा आणि एकाच साखळीतला असावा असं धरतात. बारापेक्षा जास्त असेल तर साखळी सोडून देतात.

एकदा दोन जिल्ह्यांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन रुग्णांत फरक आला शून्य. आमच्या गटात केवढा आनंद! कोणी नकाशा उघडला, कोणी एसटीचे मार्ग बघायला लागलं. मी मात्र रजिस्टर उघडलं आणि पोटात गोळा आला. त्याच सकाळचे नमुने, ट्यूब सात आणि ट्यूब आठ, अक्षर माझं. फ्रीजरमधून आठवी ट्यूब काढली तर ती काठोकाठ, कोणी हातही न लावलेली. दोन्ही वेळा मी सातव्यातूनच घेतलं होतं. आठव्याचा जंतू वाचला तेव्हा वंशच वेगळा निघाला, हजाराहून जास्त अक्षरांचा फरक. साखळी होती ती माझ्या पिपेटची. गटाच्या बैठकीत ते सांगताना माझे कान तापले होते.

कोरोनात आमचं टीबीचं काम बाजूला पडलं. २४ मार्च २०२१ ला महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन विशिष्ट बदल एकत्र वाढत असल्याचं केंद्राने जाहीर केलं आणि वर्तमानपत्रांना ‘डबल म्युटंट’ सापडला. मला ते नाव कधीच आवडलं नाही. त्या विषाणूत दोनाहून कितीतरी जास्त बदल होते. २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिनही. १८८२ साली त्याच तारखेला रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. २०२१ मध्ये आमच्यापैकी कोणालाच तो दिवस आठवला नाही.

तर तो ठोकळा. दुसऱ्या खेपेला ७९० वर सगळे सी. पहिला टी फॉर्मॅलिनचाच. डॉक्टरांना फोन करून रुग्णाचं ताजं रक्त मागवलं; गाठीतून सुटलेले डीएनएचे तुकडे प्लाझ्मात तरंगत असतात, आणि रक्ताला फॉर्मॅलिन लागलेलं नसतं. त्यात टी आला. पुन्हा वाचलं, पुन्हा आला. रिपोर्ट ‘आढळला’ म्हणून गेला.

“मॅडम, म्हणजे पहिलाच रिपोर्ट सोडला असता तरी औषध तेच मिळालं असतं,” ज्युनियर म्हणाला. “आणि तेरा दिवस आधी.”

मी त्याला उत्तर दिलं नाही. ते तेरा दिवस मीही मोजले होते.

ठोकळा न्यायला रुग्णाचा मुलगा आला. आम्ही तो छोट्या पिशवीत घालून परत देतो, नंबर दाखवून, सही घेऊन. त्याने तो उजेडावर धरून पाहिला. मेणात आता नखाएवढाच करडा ठिपका उरला होता.

“अजून लागेल का हा?”

“लागू शकतो,” मी म्हटलं. “कपाटात ठेवा. गाडीत उन्हात नको, मेण वितळेल.”