मुरगळलेला घोटा

शनिवारी काष्टीला जनावरांचा बाजार भरतो, आणि दुपारनंतर मुरगळलेले पाय दवाखान्यात यायला लागतात. कोणी टेम्पोच्या फाळक्यावरून उडी मारलेली असते, कोणाला बुजलेल्या गाईनं दाव्यासकट ओढलेलं असतं. गळीत सुरू झालं की उसाच्या फडातले वाढतात. डोक्यावर मोळी असते, खाली सरी दिसत नाही, पाय वाकडा पडतो.

मी आधी सुजेकडे बघत नाही. पाय कसा पडला ते विचारतो, चांगल्या पायानं करून दाखवायला लावतो. बहुतेकांचा तळवा आत वळलेला असतो आणि बाहेरच्या घोट्यापुढचा बंध ताणलेला असतो; त्या बाजूचा सर्वांत कमजोर बंध तोच. तळवा बाहेर वळला असेल तर मी सावध होतो. आतला बंध दणकट असतो. तो दुखावला म्हणजे जोर मोठा होता, म्हणून गुडघ्यापर्यंत हाड चाचपतो.

"हाड मोडलं नाय ना?" हा पहिला प्रश्न. दोन्ही घोट्यांच्या हाडांची मागची कड टोकापासून वर सहा सेंटिमीटर दाबत जायची, मग करंगळीच्या रेषेतला पावलाच्या मध्यावरचा उंचवटा आणि त्यासमोरचं आतल्या बाजूचं हाड. हाडावरच कळ आली, किंवा लागल्याबरोबर आणि माझ्यासमोरही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 साली मांडलेली ही पद्धत खेड्यातल्या दवाखान्याला फार उपयोगाची आहे; कित्येकांचा एक्स-रेचा खर्च वाचतो.

बंध नुसता ताणलाय, अर्धवट फाटलाय की पुरता तुटलाय, हे पहिल्या दिवशी नक्की सांगता येत नाही. सूज आणि कळ हाताला काही कळू देत नाहीत. चार-पाच दिवसांनी पुन्हा तपासलं की सांधा ढिला आहे का ते नीट समजतं. पण तोवर बहुतेक जण कामावर गेलेले असतात. काही जण तेल लावून चोळून येतात. ताज्या फाटलेल्या बंधावर चोळलं की सूज आणखी वाढते.

दुखणं थांबलं म्हणजे घोटा बरा झाला असं नाही. एका पायावर तोल धरून उभं राहण्याचा सराव रोज केला नाही, तर तोच पाय पुन्हा मुरगळतो. ऊसतोड्याच्या डोक्यावर उचल असते, त्याला खाडा परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून मुकादमांना एवढंच सांगणं आहे: घोटा सुजलेल्या माणसाला मोळी वाहायला लावू नका. त्याला बसून वाढे बांधू द्या, आणि पाचव्या दिवशी पुन्हा दाखवायला पाठवा.