मुक्तास, पहिल्या हंगामाआधी

परळी वैजनाथ,
कोजागरी, २०२४

चि. मुक्तास,

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तुला निसर्ग मार्गदर्शकाचं काम मिळालं, हे तुझ्या आईच्या फोनवरून कळलं. शाळांच्या सहली सुरू झाल्या की हजर व्हायचं आणि उन्हाळा लागला की करार संपणार, म्हणून ती काळजीत आहे. ‘सहा महिन्यांच्या नोकरीला नोकरी म्हणायचं का?’ असं विचारत होती. बीड जिल्ह्यातल्या आईनं हे विचारावंच. हंगामावर पोट असणं म्हणजे काय, ते इथे घरोघरी ठाऊक आहे. तिची समजूत मी घालीन. तुझ्याशी मात्र कामाचंच बोलायचं आहे; काही वर्षं मीही त्याच वाटांवर मुलांना घेऊन हिंडले आहे.

तू चांगल्या वर्षी चालली आहेस. तिथल्या उतारांवर २०१६ नंतर यंदा कारवी फुलली. तू पोचशील तोवर फुलं सरलेली असतील, वाळकी बोंडं तेवढी दिसतील आणि मुलं म्हणतील, इथे काहीच नाही. नेमकं तिथेच थांब. ही सगळी झुडपं एकाच वयाची, आठ वर्षं नुसती वाढली, एकदम फुलली आणि आता एकदमच वाळून जाणार. बी बोंडात बंद राहतं. पुढच्या पावसाळ्याची पहिली सर आली की बोंड भिजून फट्‌दिशी फुटतं आणि बी लांब उडतं. याच कारवीच्या काठ्यांचे कूड बांधून वारली कुटुंबं घराच्या भिंती उभ्या करत आली, तेही सांग. मग विचार, पुढचा बहर कधी? बोटं मोजून २०३२ येतं. तिसरीतलं पोर तेव्हा अकरावीत असेल. हा हिशेब त्यांचा त्यांनाच करू दे, तू बोलू नकोस.

‘बिबट्या दिसेल का?’ हे रोज कुणीतरी विचारणार. कंटाळू नकोस. मुंबई-ठाण्याच्या मधोमध शंभरेक चौरस किलोमीटरचं जंगल, आणि २०१५ साली कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत निदान ३५ बिबटे आढळले. मुलांना नवल वाटणारच. त्यांना मऊ मातीतला ठसा दाखव. नखं उमटली असतील तर बहुधा कुत्रा. नसतील तर मांजराच्या कुळातलं कुणीतरी. न दिसलेल्या प्राण्याला ओळखता येतं, एवढं कळलं तरी पोर खूश होऊन घरी जातं. नाव सांगायची मात्र घाई नको. नाव वहीत उतरलं की डोळे मिटतात, हे मी फार वेळा पाहिलंय.

आता माझं मागणं. बोरिवलीला हे सगळं दाखवणारी माणसं आहेत. आपल्याकडे पाटोद्याच्या डोंगरात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, १९९४ सालचं. पण परळीभोवतीचा बालाघाटचा माळ कुणी कुणाला दाखवत नाही. तो ‘पडीक’ म्हणून कागदावर चढतो आणि पोरंही तसंच म्हणतात. तिथे झाडं लावली की निसर्ग वाढला, असं भल्या माणसांनाही वाटतं. चंडोलाला झाड नको असतं गं, उघडी जमीन हवी असते. माळटिटवी भर उन्हाळ्यात खड्यांमध्ये खड्यांसारखीच अंडी घालते. तिथे चर खणले तर तिनं जावं कुठे?

आणि कुसळी गवत! पोरांच्या चड्ड्यांना कुसळं चिकटतात, ती उपटून फेकतात. मी एकदा एका मुलाला वाळलेलं कुसळ तळहातावर ठेवायला सांगून त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. ओल लागली, पीळ उलगडायला लागला आणि कुसळ आपोआप गिरकी घेऊ लागलं. वाळलं की पुन्हा पीळ पडतो. असं फिरत फिरतच टोकाचं बी जमिनीत रुतत जातं. सगळी पोरं माझ्या बाटलीवर तुटून पडली. कारवीला आठ वर्षं थांबावं लागतं. हे दर वर्षी दारात होतं.

दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही मुलं फडावर जातात, काही हंगामी वसतिगृहात, काही आजीपाशी राहतात. त्याच दिवसांत मध्य आशियातून भोवत्या येतात, माळावरचे नाकतोडे टिपतात, रात्री गवतातच बसतात. गेल्या वर्षी आजीपाशी राहिलेल्या एका मुलीनं मला विचारलं, ‘हे पक्षी पोरांना संगं आणतेत का?’ त्याच उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लंही एवढा पल्ला मारतात, असं मी सांगितलं. ती म्हणाली, ‘मग आमालाच का ठिवून जातेत?’ मी तिला शाळेचं कारण दिलं. ते खरंही आहे, पण तिचं समाधान झालं नाही. या मुलांना सकाळी बाहेर नेणारं, त्यांचं ऐकून घेणारं माणूस हवं आहे. मी एकटी पुरत नाही.

५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्लींच्या वाढदिवशी सुरू होतो, सलीम अलींच्या वाढदिवशी संपतो. तुझं काम सुट्टी संपल्यावर सुरू होणार, तेव्हा हा आठवडा इकडे दे. पुढेही करार संपला की रिकामी बसू नकोस, इकडे ये. मे महिन्यात टिटवीची घरटी असतात.

चार तारखेच्या रात्रीपर्यंत पोच, पाचला उजाडताच निघायचं आहे. दुर्बिणी दोन आहेत, तुझं भिंग आण. पोरांच्या पायांत नुसत्या चपला असतात, म्हणून कुसळीच्या पट्ट्यातून न जाता बैलगाडीच्या वाटेनं जाऊ. भाकरी मी बांधून घेते.

तुझी,
मावशी