पाण्याच्या पाठोपाठ

मदैरा बेटावर सपाट जमीन शोधावी लागते. मोरोक्कोच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरात ज्वालामुखीतून वर आलेलं हे पोर्तुगीज बेट जेमतेम ५७ किलोमीटर लांब आणि २२ किलोमीटर रुंद आहे. एवढ्याशा जागेत पीकु रुइवु हे शिखर १८६२ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईला दोनशे मीटरनं मागे टाकणारं. विमानतळाच्या धावपट्टीचा मोठा भागसुद्धा समुद्रकाठी काँक्रीटच्या खांबांवर पेलून धरलेला. आणि तरी इथे सत्तरीतले आजी-आजोबा दिवसभर डोंगराच्या कुशीतून चालतात, त्यांना धाप लागत नाही. ही वाट मुळात माणसासाठी काढलेलीच नाही. ती पाण्यासाठी काढली, आणि पाण्याला चढ चालत नाही.

लेवादा म्हणजे पाट. कुठे हातभर, कुठे दोन हात रुंद. कुठे कातळात खोदलेला, कुठे दगडी बांधकामाचा. उतार इतका बेताचा की डोळ्यांना कळत नाही, पाण्यात तरंगत जाणारं पान पाहिलं की कळतो. पाटाच्या कडेला देखरेख करणाऱ्याला ये-जा करता यावी म्हणून एक अरुंद वाट सोडलेली असते, तीच आता आमच्यासारख्यांची चालवाट. असे दोन हजार किलोमीटरांहून जास्त पाट या बेटाभोवती गुंडाळलेले आहेत. आकडा वाचून गेले होते, पण एका वळणावरून समोरच्या कड्यावर आपणच तासाभरापूर्वी चाललेली ती बारीक रेघ दिसली, तेव्हा कुठे तो आकडा खरा वाटला.

ही खटपट कशासाठी, ते आपल्याला चटकन समजतं. ईशान्येकडून येणारे दमट वारे बेटाच्या उत्तर अंगावर अडतात, तिथे धुकं आणि पाऊस. दक्षिणेला ऊन, आणि पिकं घ्यायला सोयीची जमीनही तिकडेच. कोकण आणि माणदेश एका डोंगराच्या दोन बाजूंना, आणि मधलं अंतर दिवसभराच्या चालीचं! १४२० च्या सुमारास पोर्तुगीज इथे वसले, त्यांनी ऊस लावला आणि उसासाठी उत्तरेचं पाणी दक्षिणेला न्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या या कष्टांत कॅनरी बेटांतून आणि आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांचे हात होते. कड्यावरून दोरानं सोडलेल्या टोपल्यांत बसून माणसं कातळ फोडत, असं इथे सांगतात. त्या पाटाकाठी उभं राहून खाली पाहिलं की पोटात गोळा येतो. विसाव्या शतकातही काम थांबलं नाही. १९४० च्या दशकात सरकारनं मोठे पाट हाती घेतले. लेवादा दुश तोर्नुश १९६६ मध्ये पुरा झाला. यांतलं काही पाणी वाटेत वीजही करून देतं.

आम्ही डझनभर जण होतो, बरेचसे इंग्रज आणि डॅनिश, आणि आमची गाईड मदैराचीच, पन्नाशीची, आखूड पावलांनी चालणारी बाई. मोठं सामान व्हॅननं पुढच्या मुक्कामी जायचं. पाठीवर पाणी, रेनकोट, बॅटरी आणि दुपारचं खाणं, बस्स. काल्देइरांव व्हेर्दच्या धबधब्याकडे जाणारी वाट केमादाशच्या गवती छपरांच्या घरांपासून सुरू होते, सुमारे नऊशे मीटर उंचीवर. तिथून एका बाजूनं साडेसहा किलोमीटर आणि वाटेत चार बोगदे.

बोगद्याआधी जंगल. लॉरिसिल्वा हे त्याचं नाव, १९९९ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. लाखो वर्षांपूर्वी दक्षिण युरोपभर अशी सदाहरित अरण्यं होती. हिमयुगांत ती तिथून नाहीशी झाली आणि इथल्यासारख्या मोजक्या बेटांवर तगली. गाईडनं एक पान चुरगळून हातात दिलं. वास ओळखीचा! आपलं तमालपत्र, दालचिनी आणि इथली ही लॉरेलची झाडं एकाच कुळातली. मग तिनं वर बघायला सांगितलं. पाऊस नव्हता, पण फांद्यांवरच्या शेवाळातून थेंब गळत होते. धुकं पानांवर अडतं, थेंब होऊन जमिनीत मुरतं आणि झऱ्यांतून पाटात येतं. म्हणजे हे अरण्यच पाटाचं उगमस्थान. जंगल तोडलं तर खालची केळीची बाग सुकेल, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

बोगद्यात शिरताना बॅटरी लावायची आणि मान खाली घालायची. छत कधी हात वर न करता शिवता येईल इतकं खाली येतं. एका बाजूला पाटाचं काळं पाणी, दुसऱ्या बाजूला ओला कातळ, मानेवर मध्येच गार थेंब. समोरून दुसरा गट आला की आधी त्यांचे दिवे दिसतात. मग कुणीतरी पाटाच्या दोन्ही काठांवर पाय टेकवून उभं राहायचं आणि बाकीच्यांनी अंग चोरून पुढे सरकायचं. परक्या भाषांतली आभाराची पुटपुट तेवढी ऐकू येते. शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर पुढे कातळाची उंच विहीर आणि जवळजवळ शंभर मीटरांवरून हिरव्या डोहात पडणारं पाणी. तिथे आम्ही डबे उघडले. रताळं घालून दगडी तव्यावर भाजलेला जाड पाव, बोलु दु काकु, लसणीचं लोणी चोपडून. चाफिंच नावाचे इथले चिमणीएवढे पक्षी अगदी बुटांपाशी येऊन चुरा टिपत होते.

सह्याद्रीत वाढलेल्यांना परदेशात गाईड कशाला, असं म्हणणारे माझे मित्र आहेत. मला ते पटत नाही. वाट एकटीनंही सापडली असती, खुणा चोख आहेत. पण पावसानंतर कुठे दरड येते हे तिला माहीत होतं, आणि त्याहून मोठं म्हणजे ती थांबायची. लोखंडी जाळीत पानं अडकून पाणी तुंबलेलं दिसलं की वाकून मूठभर पानं काढून टाकायची, बोलणं न थांबवता. आम्ही आमच्या सुट्टीवर होतो, पण ज्या काठावरून चाललो होतो तो कुणाच्या तरी शेताचा जीव होता. हे तिच्या वाकण्यातून मला कळलं, तसं माहितीपत्रकातून कळलं नसतं.

गोव्याचा विषय तिनंच काढला. इथल्या राजधानीचा, म्हणजे फुंशालचा धर्मप्रांत १५१४ मध्ये स्थापन झाला आणि पोर्तुगालची समुद्रापारची ठाणी त्याच्या अखत्यारीत आली, त्यांत गोवाही होता. गोव्याला स्वतःचा धर्मप्रांत मिळाला तो १५३० च्या दशकात. म्हणजे मांडवीकाठच्या चर्चचा कारभार काही काळ या एवढ्याशा बेटाकडे होता! फुंशालच्या कॅथेड्रलसमोरून मी आधी दोनदा गेले होते. हे ऐकल्यावर पुन्हा जाऊन बराच वेळ बसले.

परतीच्या वाटेवर ती आपल्या आजोबांविषयी बोलली. ते लेवादेरो होते, म्हणजे पाटकरी. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी, ते ठरलेलं. पाळी रात्री दोनची असेल तर रात्री दोनला कंदील घेऊन जायचं आणि दगड-चिंध्यांचा बोळा काढून पाट फोडायचा. उशीर झाला तर पाळी गेली. शेजाऱ्यांत भांडणं व्हायची, मिटवायला आजोबाच. मी तिला धुळ्याकडच्या पांझरेवरच्या फडांबद्दल सांगितलं. बंधारा, त्यातून निघालेला पाट, एका फडात सगळ्यांनी मिळून घ्यायचं एकच पीक, आणि गावानं नेमलेला पाटकरी. हे कित्येक शतकं शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेलं. ती थांबली. तुमचा पाटकरी पाळी कशी मोजतो, भांडण झालं तर शेवटचा शब्द कुणाचा, टंचाईच्या वर्षी पाणी आधी कुणाला, असे तिचे प्रश्न सुरू झाले. केमादाशची छपरं दिसेपर्यंत आम्ही दोघी सगळ्यांच्या मागे, पाणीवाटपावरच बोलत होतो.