घराची झडती

नॉर्वेशी मराठी माणसाची ओळख रंगभूमीने करून दिली. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने मुंबईत श्री. वि. वर्तकांचं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, पदं मोजकी राहिली, नाटकातली माणसं घरात बोलतात तशी बोलू लागली आणि आपल्या नाट्येतिहासात त्या प्रयोगाला मानाचं पान मिळालं. त्याचं मूळ ब्यर्नसन या नॉर्वेजियन लेखकाच्या १८८३ मधल्या ‘अ गाँटलेट’ या नाटकात आहे, हे नाटकाच्या अभ्यासकांना माहीत असतं. पण त्या मूळ नाटकाने काय विचारलं होतं, यावर आपण फारसं बोलत नाही.

स्वावा नावाच्या मुलीचं लग्न ठरलंय. होणाऱ्या नवऱ्याचे आधी संबंध होते हे तिला कळतं. लग्न राहू दे, असं ती म्हणते, तेव्हा दोन्ही घरची वडीलधारी माणसं तिची समजूत घालायला बसतात. पुरुषाच्या बाबतीत एवढं चालायचंच, हा सगळ्यांचा सूर. आणि मग तिच्यापुढे आणखी एक गोष्ट उघड होते. आपले वडीलही याला अपवाद नव्हते आणि आईने हे सगळं गिळून संसार केला. जे चारित्र्य माझ्याकडून मागता तेच त्याच्याकडूनही मागा, एवढंच स्वावाचं म्हणणं आहे. हे लिहिणारा ब्यर्नसन म्हणजे नॉर्वेच्या राष्ट्रगीताचा कवी. देशाचं गुणगान गाणारा आणि देशातल्या घरांना जाब विचारणारा माणूस एकच होता.

नॉर्वेजियन पुस्तकं आणि सिनेमे मी इंग्रजीच्या आधाराने वाचत-पाहत आले. त्यांत ही एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. ही कला स्वतःच्या घराची झडती घेते. फ्योर्डची निळाई, मध्यरात्रीचा सूर्य, खनिज तेलाच्या पैशावर उभा असलेला राष्ट्रीय निधी, हे सगळं खरं आहे. पण त्या देशाच्या मनापर्यंत जायचं तर त्याच्या लेखकांनी उघडलेल्या खोल्यांतूनच जावं लागतं.

त्यातली पहिली खोली इब्सेनची. ‘अ डॉल्स हाउस’ डिसेंबर १८७९ मध्ये छापून आलं आणि आठ हजार प्रतींची पहिली आवृत्ती महिन्याभरात संपली. नवऱ्याच्या उपचारासाठी वडिलांची खोटी सही करून कर्ज काढणारी नोरा शेवटी घराबाहेर पडते, हे आपल्याला ठाऊक आहे. अनंत काणेकरांचं ‘घरकुल’ याच नाटकावरून आलं. जर्मनीत एका नामांकित अभिनेत्रीने हा शेवट करायला नकार दिला, कारण मुलांना टाकून जाणारी आई तिला करायची नव्हती. दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी, म्हणून इब्सेनने नाइलाजाने पर्यायी शेवट लिहिला. त्यात नोरा मुलांच्या खोलीच्या दाराशीच कोसळते. आपल्याच नाटकावर केलेला हा अत्याचार आहे, असं त्याने उघड सांगून टाकलं. मला या प्रसंगातला त्याचा संताप फार महत्त्वाचा वाटतो. दार बंद झाल्याचा आवाज आला नाही तर आधीचे सगळे अंक वाया जातात, हे त्याला पक्कं माहीत होतं. स्वतः इब्सेन सत्तावीस वर्षं इटली आणि जर्मनीत राहिला. नॉर्वेतल्या दिवाणखान्यांबद्दल त्याने सगळ्यात धारदार लिहिलं ते तिथूनच.

नोरा बाहेर पडली, पुढे काय, हा प्रश्न सिनेमाने उचलला. अन्या ब्राइन या दिग्दर्शिकेच्या १९७५ च्या ‘वाइव्ह्ज’ मध्ये शाळेतल्या तीन मैत्रिणी एका स्नेहसंमेलनात भेटतात आणि घरी परतायचं लांबवतात. ऑस्लोच्या रस्त्यांवर भटकतात, दारू पितात, भांडतात, पुरुषांवर शेरे मारून बघतात. मग दहा वर्षांनी, आणि पुढे नव्वदच्या दशकातही ब्राइनने त्याच तिघी अभिनेत्रींना घेऊन पुढचे भाग केले. तीच माणसं पडद्यावर खरोखरच वयाने वाढताना दिसतात. आपल्याकडे हा सिनेमा फार थोड्यांनी पाहिला असेल, तो आवर्जून मिळवून पाहावा.

क्नूत हामसुनपाशी मी अडखळते. १८९० ची ‘हंगर’ वाचताना उपाशी माणसाचं मन आतून कसं चालतं हे इतक्या जवळून दिसतं की पुस्तक मिटल्यावरही अस्वस्थता जात नाही. ‘ग्रोथ ऑफ द सॉइल’साठी त्याला १९२० चं नोबेल मिळालं. या कादंबरीत इसाक नावाचा माणूस उत्तरेकडच्या ओसाड रानात येतो, झाडं तोडतो, खोपटं बांधतो, जमीन कसतो, एका घरातून वस्ती उभी राहते. मातीवर इतकं प्रेम करणारी कादंबरी क्वचितच वाचायला मिळते. त्याच हामसुनने आपलं नोबेल पदक १९४३ मध्ये गोबेल्सला भेट दिलं आणि मे १९४५ मध्ये, जर्मन ताब्यातून नॉर्वे मुक्त होण्याच्या तोंडावर, ‘आफ्तेनपोस्तेन’ या दैनिकात हिटलरचा गौरव करणारा मृत्युलेख लिहिला. लोकांनी घरातली त्याची पुस्तकं आणून त्याच्या कुंपणावरून आत फेकली, असं सांगतात. मनोविकारतज्ज्ञांनी त्याची बुद्धी कायमची क्षीण झाल्याचा निर्वाळा दिला, न्यायालयाने जबर दंड केला. आणि तो नव्वद वर्षांचा असताना त्याचं ‘ऑन ओव्हरग्रोन पाथ्स’ हे इतकं लखलखीत पुस्तक आलं की तो निर्वाळा कुणाला पटेनासा झाला. म्हणजे वेडेपणाची पळवाटही उरली नाही. नॉर्वेने त्याला पुसून टाकलं नाही आणि माफही केलं नाही. २००९ मध्ये त्याच्या जन्माला दीडशे वर्षं झाली तेव्हा उत्तरेत हामारॉय इथे त्याच्या नावाचं केंद्र उघडलं आणि त्यावरचा वादही जाहीरपणेच झाला. लेखक आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत, दोघांनाही समोर बसवून वाचावं लागतं, असं माझं मत हामसुन वाचूनच झालं.

‘ग्रोथ ऑफ द सॉइल’मध्ये आणखी एक गोष्ट आहे, ती मला दुसऱ्या वाचनात दिसली. ज्या रानाला इसाक ओसाड समजतो तिथून सामी लोक ये-जा करतात. रेनडिअर पाळणारा हा उत्तरेकडचा मूळ समाज. कादंबरीत ते कडेकडेने वावरतात आणि लेखक त्यांच्याकडे तुच्छतेने पाहतो. त्यांची भाषा शाळेतून हद्दपार करण्याचं धोरण तेव्हा सरकारच राबवत होतं. पडद्यावर त्यांची भाषा पूर्ण लांबीच्या चित्रपटात ऐकू यायला १९८७ साल उजाडावं लागलं. निल्स गाउपचा ‘पाथफाइंडर’ तो चित्रपट, आणि त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. २०२३ मधला ‘लेट द रिव्हर फ्लो’ आल्ता नदीवरच्या धरणाविरुद्धच्या सामी आंदोलनाबद्दल आहे. नायिका तरुण शिक्षिका, आपण सामी आहोत हे लपवणारी. ही भूमिका करणारी एला मारी हेत्ता इसाक्सेन ही सामी गायिका त्याच वर्षी ऑस्लोत मंत्रालयासमोर ठिय्या देऊन बसली होती आणि पोलिसांनी तिला उचलून नेलं. फोसेन इथल्या पवनचक्क्यांनी सामींच्या हक्कांचा भंग झाल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये देऊनही त्या चालूच होत्या, म्हणून ते आंदोलन होतं. धरणात आणि प्रकल्पात गावं गेलेल्या माणसांचा इतिहास आपल्याला परका नाही. १२ नोव्हेंबर २०२४ ला नॉर्वेच्या संसदेने भाषा हद्दपार करणाऱ्या त्या जुन्या धोरणाबद्दल सामी, क्वेन आणि फॉरेस्ट फिन या समाजांची औपचारिक माफी मागितली.

लेखकांना अशी झडती घेता येते त्यामागे व्यवस्थाही आहे. मुंबईच्या निम्म्याहून कमी लोकसंख्येचा हा देश. १९६५ पासून सरकार नव्या साहित्यकृतींच्या प्रती विकत घेऊन गावोगावच्या वाचनालयांना पाठवतं, सुरुवातीला एका पुस्तकाच्या हजार घेत असत. शहरांतली चित्रपटगृहं विसाव्या शतकात बहुतांशी नगरपालिकांच्या मालकीची होती. स्वतःवर टीका करणारं पुस्तक खेड्यातल्या कपाटात सरकारी खर्चाने पोचतं, ही साधी गोष्ट नाही.

आजचे लेखकही घर सोडत नाहीत. यून फॉस्सेच्या एका नाटकात एक जोडपं फक्त आपण दोघंच राहायचं म्हणून समुद्राकाठी एकाकी घर घेतं आणि कुणीतरी येईल या भीतीने त्याचा थरकाप होतो. विग्दिस यूर्थच्या ‘विल अँड टेस्टमेंट’मध्ये भावंडं समुद्रकाठच्या दोन घरांच्या वाटणीवरून भांडतात, आणि त्या भांडणाखाली एका मुलीची अशी जुनी तक्रार आहे जी घरात कुणालाच ऐकायची नाही. वाटणीची भांडणं पाहिलेल्या मराठी वाचकाला ही कादंबरी थेट भिडेल. क्नाउसगोरच्या आत्मकथनपर कादंबरीच्या सहा खंडांबद्दल माझा उत्साह बेताचा आहे, पण पहिल्या खंडात वडिलांच्या मृत्यूनंतर दोघे भाऊ आजीचं बाटल्यांनी आणि घाणीने भरलेलं घर खोली-खोली घासून काढतात, ती पानं विसरता येत नाहीत.

याखिम त्रियरच्या ‘सेंटिमेंटल व्हॅल्यू’ या चित्रपटाला २०२५ मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं. ऑस्लोतलं एक जुनं घर, भिंतीला गेलेली चीर, दोन बहिणी, आणि बऱ्याच वर्षांनी परत आलेला सिनेदिग्दर्शक बाप. थोरली रंगभूमीवरची अभिनेत्री आहे, तिचं नाव नोरा. बापाने आपल्या आईवर पटकथा लिहिली आहे आणि ती भूमिका नोराने करावी असं त्याला वाटतं. त्याच्या आईने याच घरात आत्महत्या केली होती. धाकटी बहीण राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन आजीच्या युद्धकाळातल्या छळाची कागदपत्रं उघडते, तेव्हा तीन पिढ्यांच्या अबोल्याचं मूळ कळतं. त्रियरचे आजोबा, दिग्दर्शक एरिक लोखेन, स्वतः त्या युद्धात प्रतिकार चळवळीत होते. ही नोरा दार आपटून जात नाही. बापाला बोलता येत नाही, त्याने लिहिलेली पानं मात्र तिला बोलावत असतात, आणि ती वाचायची की नाही हे तिला ठरवायचं आहे. गेल्या काही वर्षांत बाप-लेकीच्या नात्यावर मी पाहिलेला हा सर्वांत प्रामाणिक चित्रपट आहे.

ज्यांना या साहित्याची सुरुवात करायची आहे त्यांनी आधी ‘अ डॉल्स हाउस’ वाचावं आणि मग ‘सेंटिमेंटल व्हॅल्यू’ पाहावा. दोन्ही नोरा ओळखीच्या झाल्या की हामसुन हातात घ्यावा, आणि त्याने मे १९४५ मध्ये काय लिहिलं ते लक्षात ठेवूनच घ्यावा.