पाण्यातला लांडगा

मासा म्हटला की आपल्या किनारपट्टीच्या कुटुंबांना प्रथम ताट आठवते, मग बाजार, आणि सर्वांत शेवटी पाणी. त्याच्या दातांचा विचार सहसा कोणी करीत नाही. वास्तविक बोंबलाचा जबडा उघडून पाहिला, तर त्या लिबलिबीत देहातही सुईसारख्या दातांच्या रांगा दिसतात. आणि वाकटीचे दात ज्याच्या बोटात एकदा रुतले आहेत, त्याला अधिक सांगणे नलगे. वसईचा किनारा सोडून आम्ही कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात स्थायिक झालो, तेव्हा आमची गाठ ज्या माशाशी पडली तो मात्र दातांसाठीच ओळखला जातो. त्याचे नाव नॉर्दर्न पाइक. लिनिअसने १७५८ साली त्याला 'एसॉक्स लुशियस' हे शास्त्रीय नाव दिले. युरोप, सायबेरिया आणि उत्तर अमेरिका अशा पृथ्वीच्या सबंध उत्तर माथ्यावर तो नांदतो. लोक त्याला पाण्यातला लांडगा म्हणतात. आमच्या मते लांडग्यापेक्षा तो दबा धरून बसणाऱ्या बिबट्याच्या अधिक जवळचा आहे.

त्याची शरीररचनाच तशी आहे. लांबट देह, बदकाच्या चोचीसारखे चपटे तोंड, हिरव्या अंगावर फिकट ठिपके, आणि पाठीवरचा पर थेट शेपटीपाशी सरकलेला. पाणवनस्पतींच्या सावलीत तो काठीसारखा निश्चल राहतो आणि भक्ष्य टप्प्यात येताच बाणासारखा सुटतो. खालच्या जबड्यात मोठे सुळे आणि टाळूवर आत वळलेल्या बारीक दातांचे पट्टे. आत गेलेल्याला परतीची वाट नाही. भक्ष्य आडवे पकडावे, फिरवावे आणि डोक्याकडून गिळावे, हा त्याचा शिरस्ता. मासे, बेडूक, बदकांची पिल्ले, प्रसंगी स्वतःची भावंडेसुद्धा त्याला चालतात.

अशा प्राण्याभोवती आख्यायिका न जमल्या तरच नवल. जर्मनीतील हाइलब्रॉनजवळ १४९७ साली एक पाइक सापडला व त्याच्या अंगावरील कड्यावर सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने तो १२३० साली पाण्यात सोडल्याचे लिहिले होते, अशी कथा आहे. म्हणजे वय २६७ वर्षे! त्याचा म्हणून जो सांगाडा मानहाइमच्या चर्चमध्ये ठेवला होता, तो पुढे तपासला असता अनेक माशांचे मणके जोडून लांबविलेला निघाला. त्यापेक्षा ओलोमोउत्सचे बिशप दुब्राव्हिउस आम्हांला अधिक भावतात. मत्स्यतळ्यांची निगा कशी राखावी, यावर १५४७ साली त्यांनी लॅटिनमध्ये ग्रंथच प्रसिद्ध केला. उपवासकाळात मांसाऐवजी मासा खाणाऱ्या त्या मुलखात तळे ही चैन नव्हती, कोठार होते.

आता या माशाला धरण्याची जी रीत आम्ही शिकलो तिच्याविषयी. फ्लाय म्हणजे माशी. ट्राउटसाठी वापरतात ती नखाएवढी असते. पाइकसाठीची मात्र वीतभर लांब, हरणाच्या शेपटीचे केस, कोंबड्याची पिसे आणि चमकीचे धागे गळाला बांधून केलेली. माशी कसली, मासोळीच ती! तिला वजन जवळजवळ नसते. साध्या गळात आमिषाचे वजन दोरीला ओढून नेते. येथे उलट, दोरीच जाड व वजनदार असते आणि ती माशीला वाहून नेते. नऊ फुटी काठी मागे न्यायची, दोरी पाठीमागे हवेत पूर्ण उलगडू द्यायची आणि मगच पुढे झोकायची. तो एक क्षण थांबणे ज्याला जमले त्याला सारे जमले. पाग फेकणाऱ्याला हे लवकर कळते, कारण त्यालाही हाताच्या बळापेक्षा वेळ साधावी लागते.

दोरीच्या टोकाशी पोलादी तारेचा तुकडा हवाच, नाहीतर ते दात नायलॉन सहज कापतात. मासा झडपला की ट्राउटच्या सवयीने काठी उचलायची नाही. डाव्या हाताने दोरी सरळ मागे खेचायची, तरच गळ त्या कठीण तोंडात रुततो. पाइकचा थोरला भाऊ मस्की याचे तर आणखीच. तो माशीच्या मागोमाग होडीपर्यंत येतो आणि पाहत राहतो. म्हणून काठीचे टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठचा आकडा काढीत राहावे लागते. दहा हजार फेकींचा मासा अशी त्याची ख्याती आहे. आमच्या फेकी आम्ही मोजलेल्या नाहीत.

२०११ च्या जूनमध्ये आमचे वडील आमच्याकडे आले. उभा जन्म त्यांनी डोल जाळ्यावर काढलेला. निपिसिंग सरोवरावर आम्ही त्यांना मोठ्या हौसेने नेले, त्यांच्यासाठी अनिवासी परवानाही काढला. दुपारी आम्हांला एक मोठी मादी लागली, हातभराहून बरीच लांब. लांब चिमट्याने गळ काढला, तिला आडवे धरून पाण्यात सावरले आणि शेपटी हलताच सोडून दिले. बाबा काही बोलले नाहीत. घरी परतताना गाडीत म्हणाले, "अरे, खायचं नव्हतं तर तिला बोलावलंस कशाला?"

आम्ही आमची बाजू मांडली. मोठ्या माशांत बहुतेक माद्याच असतात, बर्फ वितळताच उथळ गवतात अंडी घालणाऱ्या त्याच. त्या गेल्या की सरोवर लहान पाइकांनी भरते. शिवाय मोठ्या शिकारी माशांच्या मांसात पारा अधिक साठतो, म्हणून किती खावे याचे कोष्टक प्रांताचे सरकारच छापते. बाबांनी शांतपणे ऐकून घेतले. "पावसाळ्यात आम्ही दर्याला सुट्टी देतो," ते म्हणाले. "तुम्ही पण देता, पण आधी तिचं तोंड फाडून. अन्नाशी खेळू नये, एवढंच मला ठाऊक." त्यानंतर चार दिवस ते सरोवरावर आले नाहीत. आम्ही काठीला हात लावला नाही, आणि घरात त्या विषयाचे नावही निघाले नाही.

बोलणे पुन्हा सुरू केले ते आमच्या मुलाने. वय चौदा, मराठी तोडकेमोडके. त्याने विचारले, "आजोबा, डोलीत लहान मासे येतात, त्यांचं काय होतं?" बाबा बराच वेळ गप्प राहिले. डोल जाळे ओहोटी-भरतीच्या ओढीत तोंड वासून उभे असते. निवड त्याच्या हातात नसते. पिल्ले येतात, मरतात, सुकवून कुट्टीत जातात. "जाळ्याला डोळे नसतात रे," ते म्हणाले, "गळाला थोडे असतात." यापुढे ते गेले नाहीत, आणि आम्हीही ओढले नाही. माशाला वेदना होते की नाही, यावर शास्त्रज्ञांतच अद्याप एकमत नाही. आमचे अंगण त्यासाठी अपुरे होते.

पाइकचा कैवार सर्वत्र घ्यावा असेही नाही. कॅलिफोर्नियातील लेक डेव्हिस येथे कोणी तरी तो चोरून आणून सोडला. १९९४ मध्ये तो तेथे आढळला. १९९७ मध्ये सबंध सरोवरात विष घालण्यात आले, गावकरी संतापले, आणि १९९९ मध्ये पाइक पुन्हा दिसला. २००७ मध्ये दुसऱ्यांदा विष घालावे लागले, तेव्हा कोठे तो नाहीसा झाला. अलास्काच्या दक्षिणमध्य भागातही, जेथे तो मूळचा नव्हे, त्याने सामनची पिल्ले फस्त करून काही ओढे रिकामे केले आहेत. निपिसिंगमध्ये जी मादी जपायची, तीच तेथे पहिल्या भेटीत मारायची. बाबांना हे सांगितले तेव्हा ते हसले व म्हणाले, "म्हणजे माशाचा गुन्हा नाही, पत्त्याचा आहे."

पाचव्या दिवशी ते आपणहून निघाले, एका अटीवर: एक मासा घरी येईल. हातभरही नसलेला एक नर मिळाला. पाइकच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे दुबेळके काटे असतात, आणि त्यांपायी येथले कित्येक लोक तो खातच नाहीत. बाबांनी ते काढण्याचा खटाटोपच केला नाही. सुरी परजून त्यांनी तुकड्यांना अगदी जवळजवळ आडव्या चिरा दिल्या, गावाहून आणलेला मसाला व चिंच चोळली आणि कडकडीत तळले. काटे कुठे गेले ते कळले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमची काठी हातात घेतली, दोन तास फेकली, काही लागले नाही. मागची दोरी उलगडेपर्यंत थांबणे मात्र त्यांना तिसऱ्या फेकीतच जमले होते.

बाबा २०१६ साली गेले. मुलगा आता स्वतंत्रपणे सरोवरावर जातो. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकतो, पाणी तापले की जुलैअखेर पाइकच्या वाटेस जात नाही, मोठ्या माद्या सोडतो, आणि दर वर्षी एक लहान पाइक घरी आणतो. चिरा त्याच्या अजून दूर दूर पडतात. आमची पत्नी जेवताना काटे ताटाच्या कडेला ओळीने लावते आणि मोजून त्याला सांगते.