ताई, पेन आणि फाटके बूट

रविवारी ताईकडे गेले, तर डायनिंग टेबलवर फीच्या पावत्या, औषधांची बिलं आणि कॅल्क्युलेटर. पोटगीचं अ‍ॅफिडेव्हिट! मला वाटायचं, पगाराचे अमुक टक्के असं सरळ गणित असेल. छे, आपल्याकडे ठरलेला फॉर्म्युलाच नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०२०च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालापासून दोघांनीही मिळकत, कर्जं, खर्च शपथेवर मांडायचे. मुलाचं खाणंपिणं, कपडे, घर, औषधं, शाळा सगळं धरतात. क्लाससुद्धा, पण अवाच्या सवा नको. ताई कमावते, म्हणून शिक्षणाचा खर्च दोघांत विभागलाही जाईल.

क्रिकेट कोचिंगपाशी तिचं पेन अडलं. ‘‘कोर्टाला चैन वाटेल गं.’’ रकाना रिकामाच.

तेवढ्यात भाचा प्रॅक्टिसहून आला. ‘‘मावशी, बघ, बूट फाटले.’’

ताईने पेन पुन्हा उचललं.